गावाला गेलेल्यांची ताटं

१

कियोताकाच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती ती म्हणजे समोरच्याचं गप्प बसणं. तो फोन लावायचा आणि म्हणायचा, "शनिवारी एक खोली हवी होती. आम्ही दोघं आहोत, दोघंही पुरुष. अंथरुणं शेजारी शेजारी घाला." मग घड्याळाकडे बघायचा. पलीकडचं माणूस एखादा सेकंद गप्प राहिलं तर ते घर यादीत यायचं. तीन सेकंद गेले तर नावापुढे प्रश्नचिन्ह. पाच सेकंदांनंतर कुणी चाचरत "दोन खोल्या देऊ का" म्हणालं की हा गोड आवाजात "विचार करून सांगतो" म्हणायचा आणि वहीत फुली मारायचा. पाचाच्या पुढे तो कधी मोजत नसे. अशा फुल्यांनी एक अख्खी वही भरली होती.

नागोयात राहून तो आपल्यासारख्या जोडप्यांसाठी प्रवासाची एक छोटी पुस्तिका काढायचा. मोठी शहरं आणि समुद्रकिनारे तिच्यात नव्हते. तिथे कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. त्याला हवी होती डोंगरामागची आतली गावं, जिथे दिवसाला तीन बस जातात आणि नवा चेहरा दिसला की शेतातली माणसं काम थांबवून बघतात. तिथेही आपल्याला मान वर करून राहता आलं पाहिजे हा त्याचा हट्ट. हट्ट चांगलाच होता, पण त्यापायी तो महिन्यातले वीस दिवस घराबाहेर असे. खरं सांगायचं तर काम नसतं तरी असता. एका जागी दोन दिवस काढले की त्याला करमायचं नाही.

युझुरूची गोष्ट उलटी. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि सहाच्या ठोक्याला घरी यायचा. आठ वर्षं दोघं एकत्र होते. शहराने जोडीदार असल्याचा दाखला द्यायला सुरुवात केली तेव्हापासून युझुरूचं एकच मागणं होतं: कचेरीत जाऊन तो कागद काढू या. त्यासाठी दोघांना एकत्र, कामाच्या दिवशी जावं लागे. तो दिवस कियोताकाला अजून सापडला नव्हता.

कोनाहारा गावातल्या एका होमस्टेला फोन लावला तेव्हा सेकंद मोजायची वेळच आली नाही. त्याचं वाक्य पुरतं व्हायच्या आत एक म्हातारी बाई म्हणाली, "या की. जेवण सहाला असतं. त्याला म्हणावं, उशीर करू नकोस."

कियोताकाने वहीत लिहिलं, शून्य सेकंद. 'त्याला' म्हणजे कुणाला, हे विचारायचं राहून गेलं.

२

नोव्हेंबर सरत आला होता. बसने दोघांना शेवटच्या थांब्यावर सोडलं तेव्हा ऊन डोंगराच्या वरच्या अंगाला गेलं होतं आणि खालची दरी गार पडली होती. घर थांब्यावरूनच दिसत होतं. वळचणीला काकी नावाची केशरी फळं सोलून, दोरीला बांधून वाळत घातली होती आणि दार सताड उघडं होतं.

मासुएबाई, म्हणजे फोनवरच्या त्या बाई, दारातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, अंगावर धुऊन धुऊन विटलेला एप्रन. त्यांनी कियोताकाला वाकून नमस्कार केला. मग युझुरूकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आलास का?"

या देशात दारातले शब्द ठरलेले असतात. पाहुण्याचं स्वागत करतात आणि पाहुणा 'त्रास देतो तुम्हाला' म्हणत आत येतो. 'आलास का' हे फक्त घरच्याला विचारतात, आणि 'आलो' हे फक्त घरचं माणूस म्हणतं.

"आलो," युझुरू म्हणाला.

बोलून गेल्यावर तोच चपापला. वाकून बूट काढायच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. बूट काढले की ते जमिनीवर दोनदा आपटून माती झाडायची त्याची सवय होती. टक टक. अकरा वर्षांपूर्वी तो तोयामाला आईकडे गेला होता तेव्हा आईने दार उघडलंच नव्हतं. बेलच्या यंत्रातून स्वतःच्याच आवाजात तिने सांगितलं होतं, 'घरी कुणी नाही.' त्यानंतर 'आलो' हा शब्द त्याला म्हणावा लागायचा तो फक्त नागोयातल्या रिकाम्या घरात, स्वतःशी.

खोलीत गेल्यावर कियोताका म्हणाला, "युक्ती छान आहे बाईंची. घरचा म्हणून हाक मारायची. पुस्तिकेत टाकतो."

"तुला सगळ्यात युक्तीच दिसते रे कियो."

"अरे, पण मला नाही म्हणाल्या तसं. मला 'तुम्ही' नि तुला 'तू'."

"तुझा चेहराच पाहुण्यासारखा आहे," युझुरू म्हणाला आणि हसला. कियोताकाही हसला. पण ते त्याला लागलं.

३

जेवणाच्या खोलीत दोन ताटं मधोमध मांडली होती आणि तेरा ताटं भिंतीला लागून. ताटं म्हणजे पायांचे छोटे लाकडी चौरंग. प्रत्येकावर भाताची वाटी, लोणचं, जेवायच्या काठ्या आणि काळं झाकण घातलेला रश्शाचा वाडगा. समोर बसायची गादी. तेरा गाद्या, आणि एकीवरही कुणी नाही.

"बाकीचे पाहुणे यायचेत का?" कियोताकाने विचारलं.

"ते पाहुणे नव्हेत. गावाला गेलेत," मासुएबाई म्हणाल्या.

मग कियोताकाला उमगलं. त्याची आजीही असं करायची. आजोबा बोगद्याच्या कामावर महिनोन्‌महिने जायचे तेव्हा ती रोज संध्याकाळी त्यांचं ताट मांडायची. गावाला गेलेल्या माणसाचं पोट घरच्या ताटाने भरतं, असं म्हणायची. जेवणं आटोपली की झाकण उलटं करून बघायची. आत पाणी धरलेलं असलं की तो सुखरूप. गरम रस्सा झाकला की पाणी धरणारच, हे कळायचं वय कियोताकाला आलं तेव्हा आजी राहिली नव्हती.

म्हणजे एकदा इथे राहून गेलेल्यांची ही ताटं. त्याने भिंतीकडे नीट बघितलं. तेराही वाट्या वेगवेगळ्या होत्या. एक फुलांची, एक काळसर, एक लहान मुलाची वाटावी अशी सशाचं चित्र असलेली. ज्याची त्याची घरातली वाटी असावी तशा.

"कियो," युझुरू हळूच म्हणाला.

त्याच्या हातात आपल्या ताटातली निळी वाटी होती. काठाचा एक टवका उडालेला होता आणि युझुरू त्यावरून अंगठा फिरवत होता. "ही माझी आहे. म्हणजे, अगदी अशी होती. दुसरीत असताना नळावर आपटून काठ उडाला होता. इथेच."

"अशा निळ्या वाट्या त्या काळी घरोघरी होत्या."

"काठ उडालेल्या?"

"युझू, वाटी काठालाच फुटते."

मासुएबाईंनी मोठ्या पानावर मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, भाजायला ठेवलं होतं. पान कडेने जळत होतं आणि खोलीभर त्याचा धुरकट वास होता. युझुरू तीन वाट्या भात जेवला. घरी तो दीड खायचा. कियोताकाची वाटी पांढरी होती, नवीकोरी, कसलीही खूण नसलेली. दुकानात पाचाच्या संचात मिळते तशी, पाहुण्यांची.

४

अंथरुणं एकाला एक चिकटून घातली होती. बोटभर फट नव्हती. कियोताकाच्या यादीत इतके गुण अजून कुणी मिळवले नव्हते, तरी सकाळी वही उघडून तो नुसता बसून राहिला. युझुरू अजून झोपला होता, भिंतीकडे तोंड करून, स्वतःच्या घरी झोपतो तसा.

जेवणाच्या खोलीतून झाकणांचा आवाज येत होता. कियोताका जाऊन दारात उभा राहिला. मासुएबाई गुडघ्यांवर सरकत एकेक झाकण उलटं करत होत्या, बोट फिरवून बघत होत्या आणि पुन्हा ठेवत होत्या. सहाव्या ताटापाशी त्या थांबल्या. तेही झाकण इतरांसारखंच होतं, वाडगाही तसाच भरलेला. पण आतली बाजू कोरडी ठणठणीत होती. बाईंनी पदरात घ्यावी तशी ती सशाची वाटी एप्रनमध्ये घेतली, पुसली आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या.

"झाकण नीट बसलं नसेल," कियोताका म्हणाला.

"हं. कुणी दारात नव्हतं वाटतं," बाई म्हणाल्या. त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं; त्या स्वतःशीच बोलत होत्या.

रिकाम्या झालेल्या जागी त्यांनी नवं ताट आणून ठेवलं. त्यावर निळी वाटी ठेवली.

कियोताका घाईने म्हणाला, "आम्ही आज निघतोय, बाई."

"हो ना. म्हणूनच तर ताट मांडतेय."

निघताना त्याने पाहुण्याने मानायचे तसे आभार मानले. युझुरूने बूट घातले, उंबऱ्यावर वळला आणि म्हणाला, "येतो."

आपल्याकडे कुणाच्याही दारातून निघताना येतो म्हणायची रीत आहे. तिकडे तसं नाही. तिकडे ते फक्त आपल्या घराला सांगायचं असतं, की मी परत यायचा आहे. कियोताकाने ते ऐकलं, आणि बस चुकेल म्हणून युझुरूचा हात ओढला.

५

नागोयाला आल्यावर तिसऱ्या दिवशी कियोताकाच्या लक्षात आलं की युझुरू रात्रीचं जेवत नाही.

"पोट भरलंय," तो म्हणायचा.

"काय खाल्लंस?"

"कुठे काय."

तो वाळला नव्हता, ही त्यातली अडचण होती. उलट गालांवर मांस आलं होतं, रंग उजळला होता. दुकानातली बाई चेष्टेने म्हणाली, "लग्न मानवलं वाटतं." डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. कियोताकाने स्वतःची समजूत घातली की दुपारी दुकानात जास्त खात असेल, लाजत असेल. मग एके दिवशी कियोताका मुद्दाम घरी थांबला आणि सहा वाजता त्याच्यासमोर बसला.

दोघांमध्ये नुसतं टेबल होतं. युझुरू खिडकीकडे बघत काहीतरी सांगत होता आणि बोलता बोलता त्याचा डावा हात वर आला, बोटं वाकली, आणि त्यांच्यात वाटी असावी तशी छातीशी स्थिर राहिली. अंगठा एका जागी पुढेमागे फिरत होता. कियोताकाला जळक्या पानाचा वास आला. त्याने गॅस बघितला. गॅस बंद होता.

थोड्या वेळाने युझुरूने सुस्कारा टाकला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला भाताचं एक शीत चिकटलं होतं. त्यांच्या घरात त्या दिवशी भात शिजला नव्हता.

"युझू, तुला काय होतंय?"

"काही नाही रे. तिथे कुणीतरी वाट बघतंय, एवढंच वाटतं. बरं वाटतं."

"मी आहे ना इथे."

युझुरू रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू कधी घरी असतोस, कियो?" तो म्हणाला. "आठ वर्षं मी रोज या दारात 'आलो' म्हणतोय. मोजलंस कधी, किती वेळा उत्तर आलं ते? तुला मोजायची सवय आहे म्हणून विचारतो."

कियोताकाने ओट्यावरचं कपाट उघडलं. चार पांढऱ्या वाट्या होत्या, एकसारख्या. आठ वर्षांपूर्वी त्यानेच आणल्या होत्या, सध्या चालवून घेऊ म्हणून.

६

दुसऱ्या दिवशी त्याने कोनाहाराला फोन केला.

"त्याचं ताट मांडू नका," तो म्हणाला.

"का हो? नीट जेवतोय तो."

"तेच नकोय. तो माझ्या घरचा आहे."

पलीकडे शांतता पसरली. त्याने नकळत मोजलं, चार सेकंद. मग बाई म्हणाल्या, "बरं. थांबवते. पण मग संध्याकाळी दारात कोण असणार?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"बघा हं. त्याने 'येतो' म्हटलंय. ज्याने म्हटलंय त्याला कुठेतरी पोचावंच लागतं. एक दिवससुद्धा चुकवू नका."

आठवड्याने कुरिअरने एक पुडकं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळी वाटी.

त्या संध्याकाळी युझुरूने त्या वाटीत दीड वाटी भात खाल्ला आणि अजून थोडा मागितला. कियोताका मोरीत जाऊन रडला. मग सुरू झाले ते दिवस, जे पुढे त्याला सारखे आठवायचे. सहाला पाच मिनिटं कमी असली की तो भाताचं भांडं झाकून दारापाशी येऊन उभा राही. बाहेर जिन्यात पावलं, किल्ली, बूट, टक टक, "आलो." आणि हा म्हणे, "आलास का, ये." कचेरीत जायचा दिवससुद्धा ठरला, मंगळवार, सतरा तारीख. युझुरूने तारखेभोवती लाल गोल काढला.

पण स्वभाव काही जात नव्हता. वीस दिवस तो एका जागी राहिला आणि एकविसाव्या दिवशी भिंती अंगावर यायला लागल्या. जिन्यापाशी जाऊन परत यायचा, रेल्वेचं वेळापत्रक उगाच वाचायचा. डोंगरापलीकडच्या एका गावातल्या माणसाने नवं घर उघडलं होतं. दुपारी जाऊन सहाच्या आत परतता येण्याजोगं होतं. त्याने दोनदा हिशेब केला. पाच चाळीसला घरी. सोमवार होता, सोळा तारीख.

परतीची गाडी एका रानडुकराने अडवली. रुळांवर येऊन मेलं होतं. डब्यातली माणसं हसली. कियोताका उभा राहून घड्याळ बघत होता. त्याने युझुरूला फोन लावला. तो उचलला गेला नाही. सहा वाजले. सहा वाजून एक मिनिट. बाहेर कापलेल्या भाताची खाचरं होती आणि काही घडत नव्हतं.

७

घरचं दार नुसतं लोटलेलं होतं. किल्ली कुलपातच होती. आत उंबऱ्याशी युझुरूचे बूट होते, शेजारी शेजारी, आणि त्यांच्याखाली दोनदा झाडलेली थोडी माती. घरात दिवा लागलेला नव्हता. पिशवी नव्हती, कोट नव्हता, तो नव्हता.

शेजारच्या हिरामात्सुबाई दारात आल्या. "आला होता तो, सहाला. मी ऐकलं ना. आलो म्हणाला," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "तुम्ही नव्हतात का घरी? कारण परत म्हणाला. आलो. थोडं थांबून परत. मला वाटलं, तुमची काहीतरी गंमत चालली आहे."

"किती वेळा?"

"तीन. चौथ्यांदा जरा लांबून आलं. म्हणजे, आतूनच, पण लांबून."

पोलिसांनी इमारतीचा कॅमेरा बघितला. युझुरू पाच अठ्ठावन्नला वर जाताना दिसत होता. खाली येताना तो कुणीच दिसला नाही. त्यांनी फॉर्म पुढे केला. नातं या रकान्यापाशी कियोताकाचं पेन थांबलं. दाखल्याचा मंगळवार उजाडून गेला होता. "सोबत राहणारा" असं पोलिसानेच लिहिलं आणि युझुरूच्या आईला फोन लावला. आईने कियोताकाशी बोलायचंय म्हणून सांगितलं. फोनवर तिने फक्त एवढंच विचारलं, "जेवत होता ना नीट?"

कोनाहाराला त्याने सोमवारी रात्रीच विचारलं होतं. मासुएबाईंचा आवाज थकलेला होता. "इथे नाही आला हो. इथे यायला त्याचं ताट कुठे होतं? वाटी तुमच्याकडे आहे."

८

पुस्तिका आता निघत नाही. कियोताका कुठे जात नाही. चष्म्याच्या दुकानातल्या बाईने त्याला सकाळचं काम दिलंय, पाचला सुटतो. साडेपाचला भात, पावणेसहाला रस्सा. उंबऱ्याच्या वर, बुटांसमोर, तो ताट मांडतो. निळी वाटी, काठ्या, काळ्या झाकणाचा वाडगा. सहाला म्हणतो, "आलास का?" मग झाकण उलटं करून बघतो.

रस्सा वाफाळत असतो. झाकण कोरडं असतं. पहिले काही दिवस त्याने झाकणं बदलली, रस्सा उकळता ओतला, दार बंद केलं. स्वतःसाठी झाकलेल्या वाडग्यातून पाणी टपटप गळायचं. शेजारचं कोरडं. विज्ञान वगैरे त्याने फार दिवस धरून ठेवलं नाही. चाळीस संध्याकाळी त्याने ते कोरडं झाकण पुसून जागेवर ठेवलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी बाहेर जिन्यात पावलं वाजली नाहीत. किल्ली वाजली नाही. सहा वाजले, तसं त्याने रोजच्यासारखं विचारलं आणि झाकण उचललं. ते जड लागलं.

आतून पाणी धरलं होतं. थेंब काठाशी जमून त्याच्या मनगटावर ओघळले, आणि ते गार होते. झाकणाच्या ओल्या काळ्या पोटात मागचा दिवा दिसत होता, त्याचा स्वतःचा कान दिसत होता, आणि खाली, बुटांच्या जागी, मोजे घातलेली दोन पावलं. बोटं त्याच्याकडे होती. मोजे भिजलेले होते, लांबून चालत आल्यासारखे, आणि ते युझुरूचे होते का हे त्या थेंबांतून सांगता येत नव्हतं.

जळक्या पानाचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता.

कियोताकाने मान वर केली नाही. झाकण दोन्ही हातांनी धरलं. घरच्या माणसाला विचारायचं ते त्याने पुन्हा एकदा विचारलं, या वेळी नीट, घसा साफ करून. "आलास का?"

उंबऱ्यावरचं माणूस गप्प होतं.

त्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. भात निवत होता. चार. पाच.

आणि तो पुढे मोजत राहिला.